शालूतलं तांबं

सुमे, मला गाडीत बसवायला भाऊ बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर आले होते, ते तुला आठवायचं नाही. तू आईच्या कडेवर होतीस. आपल्या वडिलांना सगळा शनवारा मोहल्ला भाऊच म्हणायचा. चांदीवर सोन्याचा पत्रा चढवायचा आणि पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून ओढून शालूच्या जरीसाठी तिची केसासारखी तार करायची, हा त्यांचा धंदा. मी निघालो होतो बनारसला, विजेचं शिक्षण घ्यायला. गाडी हलली तसं ते म्हणाले, "हात जप. हातावर पोट आहे आपलं." माझं पोट यापुढं तोंडावर चालणार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

विजेचे वर्ग नुकतेच निघाले होते. सगळ्यांत मिळून एक डायनामो, तोही निम्मा वेळ खोलून ठेवलेला. शिकवणारे साहेब लवकरच विलायतेला परत गेले आणि शिकणाऱ्यांतलाच मी शिकवणारा झालो. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. पुढं डिपार्टमेंट उभं केलं, लॅबोरेटरी झाली, लोक प्रोफेसरसाहेब म्हणू लागले. घरी यायचं दर दिवाळीला ठरायचं आणि मोडायचं. खरं सांगतो, मला तिथं आवडत होतं. हे मी तुमच्यापैकी कुणाजवळ कबूल केलं नाही. माझ्यासारखे जे निघून गेले त्यांना विचार, तेही करणार नाहीत.

मग गावातल्या एका शेटजींचं पत्र आलं: तांब्याच्या तारेवर विजेनं सोनं चढवता येईल का? मी खूश झालो. माझी विद्या एकदाची गावाच्या कामी येत होती. बॅटऱ्या किती, पाणी कसलं, तार किती वेळ बुडवायची, सगळं आकृत्या काढून पाठवलं. स्वस्तातली जरतार स्वस्तातच विकतील, गरिबाघरच्या नवऱ्याही जरीचं नेसतील, असं मला वाटलं. भाऊंना मात्र एका ओळीनं विचारलं नाही. विजेतलं त्यांना काय कळतं, म्हणून.

काही वर्षांनी आलो तेव्हा भाऊंचे कारागीर शेटजींकडे गेले होते. त्याचं मला फारसं वाटलं नाही, धंदे बदलतातच. दुसऱ्या दिवशी जवळच्या फोपनार गावची एक बाई दारात आली. शालू जाळून चांदी काढून घ्यायला बायका आपल्याकडे यायच्याच. त्यांची ती अडीअडचणीची ठेव. ती म्हणाली, "भाऊ, मालक खाटेवर पडले. एवढा जाळून द्या."

भाऊंनी काठ बोटांत चोळून पाहिला आणि शालू आत नेऊन जाळला. राख मुशीत आटवली. निघाला तांब्याचा काळपट गोळा. खऱ्या जरीच्या भावानं विकलेला माल होता तो. भाऊंनी आपल्या पेटीतली चांदी काढली, पुडीत बांधली आणि बाहेर नेऊन तिला दिली. ती पाया पडून गेली.

मी म्हणालो, शेटजीला जाब विचारतो.

"काय विचारशील? भर बाजारात तुझं नाव घेतो तो. म्हणतो, प्रोफेसरनं दिलेली विद्या." मग पेटी बंद करता करता म्हणाले, "ही चौथी बाई."

त्यांनी मला दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बनारसला चला, असा मी हट्ट धरला. "मी गेलो तर ह्या बायका कुठं जातील?" एवढंच म्हणाले. त्यांची चांदी संपत आली होती. मी दुसऱ्याच दिवशी गाडी धरली. कॉलेजात परीक्षा आहेत असं तुम्हाला सांगितलं. परीक्षा नव्हत्या.

आता भाऊ नाहीत. तू लिहिलंस, अजून कुणी ना कुणी शालू घेऊन येतं, त्यांना काय सांगू? काही सांगू नकोस. पुढच्या आठवड्यात या म्हण. मी नोकरी सोडली आहे, येतो. घर कुठं तुमचं, असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी रुबाबात बऱ्हाणपूर सांगत आलो. तिथं माझं काय उरलं आहे ते आता कळलं. चांदी आणतोच आहे. पण भाऊंसारखी गुपचूप द्यायचा हक्क मला नाही. तुझा शालू खोटा आहे आणि तो खोटा करायची विद्या मी दिली, हे मला येणाऱ्या प्रत्येक बाईला तोंडानं सांगायचं आहे.