बापू गडबडेचा आवाज

सोलापुरात शिवलिंगप्पा कलशेट्टी यांना चेहऱ्याने ओळखणारे थोडे, आवाजाने ओळखणारे पुष्कळ. रिक्षावर भोंगा लावून फिरणारी साड्यांच्या सेलची जाहिरात त्यांच्याच आवाजात असते. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांचे स्वागत, पंगत बसल्याची सूचना, आहेर करणाऱ्यांची नावे, हे सगळे तेच माईकवरून सांगतात. आवाज जाड, जरासा खरखरीत, शेवटी ‘की’ लावणारा. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हींत मधेच दुसरीतला एखादा शब्द.

या आवाजाला दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर काम मिळाले. एका परदेशी कार्टून मालिकेचे मराठी रूपांतर होणार होते. त्यातला बाप ढेरपोट्या, टायरच्या दुकानाचा मालक. मुलीचा वाढदिवस विसरतो, तिचा केक स्वतःच खातो, शाळेत जाऊन तिची फजिती करतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत धडपडत सगळे सावरायला जातो. मराठीत त्याचे नाव ठेवले बापू गडबडे. पुण्याच्या दिग्दर्शिकेला गावाकडचा बाप वाटेल असा आवाज हवा होता. कोणीतरी तिला रिक्षावरची जाहिरात ऐकवली.

रेकॉर्डिंग सोलापुरातच, त्यांच्या ओळखीच्या बसूच्या स्टुडिओत व्हायचे. स्टुडिओ म्हणजे गच्चीवरची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर चादरी ठोकलेल्या. दिग्दर्शिका पुण्याहून फोनवर ऐकायची. या कामाचा नियम एकच: पडद्यावरच्या माणसाचे तोंड हलते तेवढाच वेळ बोलायचे. पहिल्याच दिवशी अडले. इंग्रजी वाक्य लांब, मराठी आखूड. ‘चल, घरी जाऊ’ म्हणून शिवलिंगप्पा थांबले, तरी बापू बोलतच होता.

“काका, वाक्य संपलं, पण त्याचं तोंड अजून उघडंच आहे,” दिग्दर्शिका म्हणाली. “काहीतरी भरा.”

“काय भरू?”

“काहीही. बाप मुलीला म्हणेल असं.”

शिवलिंगप्पांनी पुन्हा कानाला हेडफोन लावला आणि म्हणाले, “चल, घरी जाऊ, गुब्बव्वा.”

बसू हसायला लागला. “काका, कार्टूनमध्ये कन्नड घुसवलं की तुमी!”

“राहू द्या,” फोनवरून आवाज आला. “बरोब्बर बसलंय.”

गुब्बव्वा म्हणजे चिमणीबाई. मुलगी श्रीदेवी लहान असताना जेवायला त्रास द्यायची, तेव्हा शिवलिंगप्पा तिला कावळ्या-चिमणीची गोष्ट कन्नडमधून सांगत घास भरवायचे. तिथून तो शब्द तिला चिकटला. आई अक्कम्मा तिला श्री म्हणायची, शेजारीपाजारी श्रीदेवी. गुब्बव्वा फक्त बापाची. स्टुडिओत तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्यांनी तिला हाक मारून तीन वर्षे झाली होती.

श्रीदेवीने माळशिरसच्या मल्हार वाघमोडेशी लग्न केले. मल्हार शिक्षक, घरची माणसे मेंढ्या राखणारी. शिवलिंगप्पांना ही जात चालत नव्हती, हे त्यांनी कधी लपवले नाही. लग्न नोंदणी कार्यालयात झाले, ते गेले नाहीत. पुढे त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला अक्कम्माने लेकीला गुपचूप बोलावले. श्रीदेवीला तेव्हा सातवा महिना होता. तिने इरकली साडीचा आहेर आणला होता. माईकवर अर्थात शिवलिंगप्पा. एकेक चिठ्ठी हातात येत होती, ते नाव वाचत होते, गाव वाचत होते. ‘सौ. श्रीदेवी मल्हार वाघमोडे, माळशिरस’ ही चिठ्ठी आली. त्यांनी ती पाहिली, गठ्ठ्याच्या खाली सरकवली आणि पुढची वाचली. श्रीदेवी मांडवाच्या खांबापाशी उभी होती. माईक बंद होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग न जेवता निघून गेली.

त्या दिवसापासून बापलेकीचे बोलणे नव्हते. अक्कम्मा अधूनमधून फोन करायची. नात झाली, तिचे नाव सुकन्या ठेवले, हे शिवलिंगप्पांना तिच्याकडूनच कळले.

पुढे जिथे जिथे बापूचे तोंड उघडे राहिले, तिथे तिथे शिवलिंगप्पांनी तोच शब्द भरला. अक्कम्माला ते म्हणाले, “तिच्या घरात पोर हाय. पोर असलेल्या घरात कार्टून लागतंच की. ऐकंल.”

“फोन लावा की सरळ,” अक्कम्मा म्हणाली. “तोंड तेवढं टीव्हीतच चालतं व्हय तुमचं?”

फोन त्यांनी लावला नाही. मात्र बापूचे काम ते मन लावून करत. एकदा बसूला म्हणाले, “ह्या बापाचं लई बरं हाय बघ. केवढा बी घोळ घालू दे, पुढच्या भागात पोरीला कायच आठवत न्हाय.”

मालिका चालली, शब्द तिच्यापेक्षा जास्त चालला. शाळेच्या रिक्षांतून पोरे एकमेकांना गुब्बव्वा म्हणून ओरडू लागली. वाढदिवसाच्या केकवर तो शब्द आला. मग माळशिरसहून फोन आला. अक्कम्माने स्पीकर चालू केला. बाप समोर बसलाय हे श्रीदेवीला ठाऊक होते, तरी ती आईशीच बोलली.

“अप्पांना सांग, सुकन्या मला विचारती, आई, गुब्बव्वा म्हंजे काय गं. काय सांगू तिला? तुझ्या आईचं नाव हाय म्हणून? भर मांडवात माझं नाव घ्यायला ह्यांची जीभ उचलली न्हाय. आता माझ्या एकटीचा शब्द गावभर वाटत सुटलेत. येताजाता पोरं एकमेकाला त्याच नावानं चिडवतेत, आन् मी दचकून मागं बघती.”

“अगं, ते तुझ्यासाठीच...” अक्कम्मा म्हणाली.

“माझ्यासाठी करायचं असंल तर बंद करा म्हणावं. तो शब्द परत तोंडातनं काढू नका म्हणावं. बंद केलं की मी येते. सुकन्याला घेऊन येते.”

दुसऱ्या पर्वाचे काम तोंडावर आले होते. शिवलिंगप्पांनी दिग्दर्शिकेला फोन करून तो शब्द म्हणणार नाही असे सांगितले. ती आधी हसली, मग समजावू लागली. “काका, लोक त्या शब्दासाठीच बघतात. दुसरं काहीही बदला.” ते म्हणाले, मग माणूस बदला. कारण त्यांनी सांगितले नाही. घरी येऊन अक्कम्माला म्हणाले, “सोडलं. आता येईल ती.” अक्कम्माने लेकीला ‘बंद केलं त्यांनी’ एवढेच फोनवर कळवले आणि शेंगाची चटणी कुटून ठेवली, श्रीदेवीला आवडते तशी, लसूण जास्त घालून.

चॅनेलने पुण्याचा एक नकलाकार घेतला. शिवलिंगप्पांचे जुने भाग ऐकून ऐकून त्याने आवाज बसवला होता. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग नवराबायकोने एकत्र पाहिला. बापू दारातून आत आला, म्हणाला, “दार उघड की, गुब्बव्वा!”

“हे तुमी न्हवं,” अक्कम्मा लगेच म्हणाली. भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

मालिका संपायच्या आत फोन वाजला. श्रीदेवीच होती. “अजून चालूच हाय की. येणार होते मी ह्या रविवारी. बॅग भरायला घेतली होती.”

शिवलिंगप्पांनी बायकोच्या हातातून फोन घेतला. लेकीशी ते पाच वर्षांनी बोलत होते.

“तो मी न्हवं. मी सोडलं ते काम. दुसरा माणूस हाय तो.”

पलीकडूनही टीव्हीचा आवाज येत होता, दोन्ही घरांत तोच.

“अप्पा,” श्रीदेवी म्हणाली, “तुमचा आवाज मला कळत न्हाय व्हय?”

अक्कम्मा पुढे सरकली. नवऱ्याचा हात धरून ओठांनीच सांगू लागली: म्हणा, एकदा म्हणा. तो शब्द लेकीने बापाच्या तोंडून ऐकला असता, तर तिला फरक कळला असता. शिवलिंगप्पांनी तोंड उघडले. पलीकडे ती थांबली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिकडून फोन बंद झाला.

रविवारी कोणी आले नाही. चटणीचा डबा अक्कम्माने शेजारी दिला. त्या दिवशी का म्हणाला नाहीत, हे तिने त्यांना नंतर एकदाच विचारले.

“म्हणू नका म्हणाली होती की,” शिवलिंगप्पा म्हणाले.