बाकावरच्या बाई आणि मे महिना

बायकोची शेवटची वेणी मी घातली, मैलापूरच्या दवाखान्यात. वाकडी झाली. ती म्हणाली, "मे महिन्यात घरी गेले की नीट घालीन."

मे महिना मीच सांगितला होता तिला. मुलाच्या नोकरीपायी आम्ही चेन्नईत आलो. मी चौथी शिकलेला, तमिळ येत नाही, म्हणून डॉक्टर इंग्रजीत बोलले, "शी मे गो होम." त्यातलं मे आणि होम तेवढं कळलं.

बाहेर बाकावर एक बाई बसायच्या. नवरा आत होता. बाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. मराठी तंजावरकडची, चाल तमिळची. बोलताना मांडीवर बोटाने अक्षरं काढायच्या, फळ्यावर काढावीत तशी. वेणी घातली त्याच दुपारी त्यांना मे महिन्याचं सांगितलं, तर बोट थांबलं.

"अण्णा, तो महिना नव्हे. 'विल' म्हटलं तर जाणार. 'मे' म्हणजे जातील, किंवा नाहीही."

"मग सरळ सांगायला काय जातं त्याच्या बापाचं? आता बायकोला काय सांगू?"

बाईंनी मांडीवरून तळवा फिरवला, फळा पुसावा तसा. मग म्हणाल्या, "पोरांच्या चुका जन्मभर सुधारल्या मी. ही राहू द्या."

राहू दिली. त्याच रात्री बायको गेली.

सकाळी मुलगा आत कागदपत्रं करत होता. मी बाकाकडे गेलो. बाईंच्या नवऱ्याचे डॉक्टर दारातून बाहेर येत होते. बाई उठल्या. मी त्यांचा दंड धरून उभा राहिलो.