किसनची राहून गेलेली परीक्षा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. आता तुमच्याजवळ बोलतो आहे — का, ते विचारू नका. मलाच धड ठाऊक नाही.

अकोल्याच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये मी आणि किसन बॉयलरवर होतो. दोघंही भट्टीत कोळसा मारणारे. बॉयलर सांभाळणारा म्हातारा मिस्त्री काम सोडायच्या बेतात होता, आणि त्याच्या जागी यायचं तर सरकारी परीक्षा पास व्हावी लागे. जागा एक. आम्ही दोघं. आणि किसन माझ्यापेक्षा कामाला बरा — झालं, एवढं म्हणायलासुद्धा मला किती वर्षं लागली बघा!

उन्हाळ्यात प्रेस बंद झाली की बॉयलर उघडायचा, आणि तो तपासायला इन्स्पेक्टर यायचा. त्या साली आत शिरून सगळा क्षार खरवडला किसननं, पण साहेबांचं जेवण माझ्या घरी. किसनच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्याला पंगतीला कोण बोलावणार? मी तरी कुठे बोलावलं? जेवता जेवता साहेब सहज म्हणाले, यंदाची, हंगामातली परीक्षा झाली की नियम बदलतो आहे. पुढे सातवी पास असल्याशिवाय बसूच देणार नाहीत.

मी सातवी झालेला. किसन चौथी.

दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं. "यंदाच बसू का बे, का पुढल्या साली? तू म्हणशील तसं."

काय झालं होतं मला? काही नाही. चांगला शुद्धीवर होतो. म्हणालो, "यंदा नोको. ऐन हंगामात दोघं गेलो तं बॉयलर कोण पाहीन? मी आधी जाऊन पायतो, काय विचारते ते तुले सांगतो. मंग तू बस."

त्याला पटलं. पटणारच — दोस्त सांगत होता ना! मी नागपूरला गेलो तेव्हा माझी पाळीसुद्धा त्यानंच केली. वर स्टेशनवर भाकरी-ठेचा बांधून आणला, त्याच्या बायकोनं पहाटे उठून केलेला. मूर्तिजापूर यायच्या आत मी तो खिडकीतून फेकून दिला.

जागेची हाव होती का? होती. पण पोटात खरं वेगळंच होतं. तो माझ्या हाताखाली चालला असता. मी त्याच्या हाताखाली? छे! हे मी तेव्हा स्वतःशीही बोललो नव्हतो.

मी पास झालो. मग नियम आला. किसननं तो दुसऱ्याकडून वाचून घेतला, आणि त्या दिवसापासून मला "तुमी" म्हणू लागला. माझ्यासमोर तो कोळसाच मारत राहिला, खोकला लागेपर्यंत.

त्यानं काम सोडलं त्या दिवशी मला भेटायला आला. म्हणाला, "तुमी थांबवलं ते बरंच झालं. आपून नापास झालो असतो, तं साऱ्या बस्तीची मान खाली गेली असती."

तेव्हा तरी सांगायचं. बॉयलरजवळ आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "हो ना. बरंच झालं."