बंद करायची जागा

खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी पोशीरला घरामागे सुतारकामाची शेड बांधली. विजेचं ठरवायला एक वायरमन आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. पावलांनी शेड मोजत फिरला. मी दिलेली यंत्रांची यादी त्याने शांतपणे वाचली आणि मला करवतीच्या जागी उभं केलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

“ताई, यांचा हात अडकला तर तुमी कुठून याल?”

तिने स्वयंपाकघराचं दार दाखवलं. त्याने शेडच्या त्याच बाजूला, तिचा हात पोचेल अशा उंचीवर खडूने फुली मारली.

“मेन स्विच हितं. चालू तुमी कराल, पन बंद कराला ताईच धावनार हाय.”

माझ्या आराखड्यात तोवर ती कुठेच नव्हती.