सायकलच्या ट्यूबवर फिरणारी रेकॉर्ड

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी भांदकवाल्या मामांचं नाव घेतो. आणि आयुष्यात सर्वांत जास्त हेवा कुठे वाटला असं विचारलं, तरी बोट त्यांच्याच घराकडे दाखवावं लागतं. भद्रावतीला आमच्याकडची जुनी माणसं अजून भांदकच म्हणतात. मामा आईचे सख्खे भाऊ नव्हेत. तिच्या माहेरगावचे, ती त्यांना राखी बांधते, एवढंच. पण कुरखेड्याजवळच्या आमच्या खेड्यातून, घराण्यातला पहिलाच, मी कॉलेजला निघालो तेव्हा मामांनी एका वाक्यात माझी सोय लावली होती. "पोट्ट्याले इथी पाठवा. व्हरांडा रिकामाच हाय." त्या व्हरांड्यात मी पदवीधर झालो.

मामा माजरीच्या कोळसा खाणीत टाइमकीपर होते. दुसऱ्यांच्या वेळेचा हिशेब ठेवता ठेवता वेळ त्यांच्या अंगातच मुरली होती. खाणीचा भोंगा वाजला की लोक घड्याळं लावत, मामा आपलं घड्याळ बघून म्हणत, "भोंगा लेट हाय." चंद्रपूरची बस उशिरा आली तर ते कंडक्टरला काही बोलत नसत, फक्त मनगट त्याच्या डोळ्यांपुढे धरत. मामी म्हणायची, "यायले फोडनीत मोहरी तडतडाची वेळ बी ठाऊक हाय." अशा माणसाच्या घरात एकच वस्तू वेळेला जुमानत नव्हती, ती म्हणजे त्यांची रेकॉर्ड.

ती त्यांच्याकडे कशी आली ही गोष्ट मामा सणासुदीला सांगतात. डिस्कोचा जमाना होता. शारदोत्सवाच्या मंडळाने त्यांना डिस्कोची रेकॉर्ड आणायला नागपूरला पाठवलं. दुकानदाराने "भैया, ये फॉरेन का डिस्को है" म्हणून एका विलायती रॉक बँडची रेकॉर्ड हातात ठेवली. मंडपात पहिलं गाणं लागलं आणि सगळी पोरं नाचायला लागली. दुसरं गाणं लागलं ते बैलबंडीच्या चालीचं, रेंगाळत जाणारं. नाचणारे एकमेकांकडे बघू लागले. तिसरं इतकं आरडाओरडीचं होतं की मांडवामागे भांडण लागलं असं समजून दोघे म्हातारे काठ्या घेऊन धावून आले. चौथ्यात कुणीतरी माउथ ऑर्गनवर कुरकुरणाऱ्या हातपंपासारखी अशी रड काढली की अध्यक्षांनी स्वतः येऊन सुई उचलली. मंडळाने रेकॉर्ड नाकारली. मामांनी ती घरी आणली आणि तेव्हापासून दुसरी रेकॉर्ड विकत घेतली नाही. "एकीतच सगळ्या हायेत न," म्हणतात.

गाण्यांची इंग्रजी नावं मामांच्या घरात कधी चालली नाहीत. ती डिस्कोवालं, बैलबंडीचं, भांडणाचं, हातपंपाचं आणि शेवटची बस चुकल्याचं अशा नावांनी ओळखली जात. माणसंही मामा त्यांच्यावरूनच ओळखत. खाणीतले एक साहेब भांडणाचे होते. शेजारचे पोस्टमास्तर बस चुकल्याचे. मामी कोणत्या गाण्यातली, असं मी एकदा विचारलं तर स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "बाजू पाहून बोला लागते, बापू."

पण मामांचा खरा जीव गाण्यांपेक्षा त्यांच्या मागच्या गोष्टीवर होता. ती त्यांना खाणीतल्या एका सर्व्हेअर साहेबाने सांगितली होती. हा बँड आधीचाच नावाजलेला. मग डिस्को आला, त्यामागून दोन सुरांत गोंगाट करणारी नवी पोरं आली आणि सगळे म्हणू लागले की हे आता बुढे झाले. तर या बुढ्यांनी काय करावं? डिस्को शिकले, गोंगाट शिकले, खेड्यातली गाणी शिकले आणि सगळं एकाच रेकॉर्डवर वाजवून दाखवलं. मी कॉलेजात पहिल्याच आठवड्यात "मला"ऐवजी "मले" म्हणालो आणि खाणीच्या कॉलनीतली मुलं महिनाभर "मले-मले" करत माझ्या मागे फिरली. मी बोलणंच बंद केलं. मामांनी मला रेकॉर्डपुढे बसवलं, डिस्कोवालं लावलं आणि म्हणाले, "आयक. चाल दुसऱ्याची हाय का नाई? पन गळा कोनाचा हाय? तू बी शिक. मला-तुला शिक, इंग्रजी शिक, जे भेटन ते शिक. गळा सोडू नको म्हंजे झालं." मी शिकलो. इतका शिकलो की पुढे माझी पत्रं वाचून मामा मामीला म्हणत, "यात भाचा कुठी दिसून नाई राह्यला. हेडमास्तर दिसून राह्यला."

रेकॉर्ड रविवारी सकाळी, आंघोळीनंतर लागे. पंखा बंद, कारण वाऱ्याने सुई हलते असं मामांचं मत. मामीच्या जुन्या लुगड्याची मलमल माझ्या हातात. मी रेकॉर्ड पुसायची, दोन्ही तळव्यांत तोलून प्लेअरवर ठेवायची आणि मागे सरायचं. सुई फक्त मामा ठेवणार. मी एकदा हात पुढे केला तर म्हणाले, "ग्रॅज्युएट झाला का पाहू." ग्रॅज्युएट झालो. "नोकरी लागली का पाहू." कुरखेड्याला शिक्षक झालो. "लगन झालं का पाहू." लग्न झालं, दोन लेकरं झाली, महिन्यातून एका रविवारी भद्रावतीला जाऊन मी मलमल फिरवतच राहिलो. वाईट वाटत नसे. ज्या हाताला कुणीच पोहोचत नाही, त्याच्या सर्वांत जवळ माझा हात होता.

मग मामांच्या मुलीचं लग्न झालं आणि पुण्याचे जवाईबापू आले.

माणूस वाईट असता तर माझं सोपं झालं असतं. ते नम्र होते, मामीच्या हातचं सगळं मागून खात होते आणि वर गिटार वाजवत होते. रेकॉर्डचं कव्हर बघताच त्यांनी सगळी गाणी खऱ्या नावांनी घडाघडा म्हणून दाखवली. मी नुकतीच पुसून रेकॉर्ड ठेवली होती. मामा म्हणाले, "जवाईबापू, ठेवा सुई."

मी मलमलीची घडी घातली. उघडली. परत घातली.

गाणं सुरू झालं तसे जवाईबापू कान देऊन ऐकू लागले. "बाबा, हे जरा हळू वाजतंय का हो?" त्यांनी फोनवर तेच गाणं लावलं. ते तुरुतुरु निघालं आणि आमचं गाणं मागे राहिलं. मामांनी प्लेअर उघडून दाखवला. रेकॉर्ड फिरवणारा मूळ पट्टा मी कॉलेजात येण्याआधीच तुटला होता आणि मामांनी सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून तिथे बसवली होती. ती होती ढिली. म्हणजे भोंग्याला लेट म्हणणारा टाइमकीपर माझ्या उभ्या तरुणपणात दर रविवारी स्वतःच लेट वाजत होता. आता मामा चिडतील, जावयाला सुनावतील, अशी मला फार आशा होती. मामा पोट धरून हसले. पुण्याहून नवा पट्टा पार्सलने आला.

त्यानंतर माझे रविवार भरगच्च झाले. पेपर तपासायचे होते, धानाची रोवणी होती, लेकराला ताप होता. शेवटी मामीचा फोन आला. "काऊन बाबा, रस्ता भुलला का आमचा? हे रविवारी मलमल घेऊन खिडकीत बसून राह्यते."

गेलो. मामांनी रेकॉर्ड लावली. नव्या पट्ट्यावर बैलबंडीची मोटरसायकल झाली होती. शेवटची बस चुकली नाही, वेळेवर सुटून गेली. सगळं बरोबर होतं आणि मला त्यातलं काहीच ओळखू येत नव्हतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. उठले, प्लेअर उघडला, नवा पट्टा काढला आणि बिस्किटाच्या डब्यातून सायकलची ट्यूब काढून बसवली.

"मामा, तो चुकीचा आहे ना?"

"हाय न चुकीचा. मंग? तुही परीक्षा याच्यावरच पास झाली."

"मग जवाईबापूंना सुई का दिली?"

प्रश्न तोंडातून निघून गेला होता. मामांनी चष्मा काढला. "अबे, तो जवाई हाय. त्याले नाई म्हनता येते का? तुले म्हनता येते." मग बाजूला सरकले. "ठेव, ठेव आज."

मी घाईघाईने सुई सोडली, ती घसरून थेट भांडणाच्या गाण्याच्या मध्यात पडली आणि तिथून एकदम आरडाओरड सुरू झाली. मामी आतून धावत आली. मामा शांतपणे म्हणाले, "म्हनून देत नव्हतो."

परतीच्या बसमध्ये मी बराच वेळ एकटाच हसत होतो. मामांना फोन फक्त मयत आणि बसच्या वेळा कळवायला लागतो, बाकी सगळं पत्राने. घरी पोहोचल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

"मामा,

बस भेटली. तुमी विचाराल म्हनून पयलेच सांगतो, नऊ मिनिट लेट होती.

रेकॉर्डले चरा गेला असन तर मले कळवा. नसन गेला तरी सुई आता मले देऊ नका, ते काम माह्या हातचं नाई. पुढच्या येळेस जवाईबापू आले का मले बलवा. मानूस चांगला हाय, म्या उगाच तोंड पाडून बसलो. त्यायचाच पट्टा बरोबर हाय. आपन संगच आयकू त्यायच्या पट्ट्यावर. मंग ते मामीजवळ चहा प्याले गेले का बैलबंडीचं तेवढं आपल्या ट्यूबवर लावा.

सुई त्यायलेच ठेवू द्या. मलमल मात्र कोनाच्या हातात देऊ नका, म्या येऊन राह्यलो.

तुमचा भाचा"