टाळूवरून ओळखणारी आत्या

हे लिहावं की नाही यातच दोन वर्षं गेली. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गाद्यांच्या कारखान्यात विक्रीचं काम करायचो. परक्या देशातल्या एका बंदरात क्रेनचालकांच्या खुर्च्यांवर घालायला गादीच्या दोनशे बैठका हव्या होत्या. मालक म्हणाले, "ऑर्डर घेऊनच या. नाहीतर शिवणाऱ्या बायकांना घरी बसवावं लागेल." त्यांत माझी धाकटी बहीण होती.

पहिल्या सकाळी हॉटेलचा पडदा सारला, तर समोरची इमारत चालू लागली! मी पडदा पुन्हा ओढला. धीर करून पाहिलं, तर ते जहाज होतं. धक्क्यावर तर मी डोक्यावर हात धरूनच चाललो. आमच्या घराएवढ्या लोखंडी पेट्या आभाळातून चालल्या होत्या, आणि खालचं कुणी मान वर करील तर शपथ.

तिथला मुकादम म्हणाला, "आत्या हो म्हणाली तरच ऑर्डर." आत्या म्हणजे सव्वीस वर्षं क्रेन चालवणारी बाई; धक्क्यावर सगळे तिला त्यांच्या भाषेत आत्याच म्हणत.

क्रेनच्या लिफ्टने वर गेलो. काचेची खोली, जमीनही काचेची. खाली दीडशे फूट काही नाही. मी दाराची मूठ धरून डोळे मिटले.

"पाहुणे, या आत. फुटायची असती तर माझ्या वजनानेच फुटली असती."

ती पुढे वाकून, कपाळ समोरच्या दांडीला टेकवून, गुडघ्यांमधून खाली बघत होती. दांडीला जुना टॉवेल गुंडाळलेला. लघवीला उतरण्यात वेळ जातो म्हणून दुपारपर्यंत पाणीही पीत नसे.

"ते टक्कल दिसतंय? आमचा मुकादम. मी माणसं टाळूवरून ओळखते, चेहरे लक्षात राहत नाहीत. जावईसुद्धा आधी इथूनच पाहिला. लेकीला म्हटलं, मुलगा गुणी आहे, केस मात्र चार दिवसांचे सोबती."

मी हसत सोबत आणलेली नमुन्याची बैठक तिच्या खुर्चीवर ठेवली. तिने दोन पेट्या उतरवल्या, मान चोळली आणि उठली. "आता तुम्ही बसा."

बसलो. गादीने मी चार बोटं उंच झालो होतो. खालचं दिसायला तेवढंच जास्त वाकावं लागलं. अर्ध्या मिनिटात मानेत कळ आली. मी हादरलो. कारखान्यात आम्ही सगळ्यांनी ही बैठक ताठ बसून, भिंतीकडे बघत तपासली होती!

माझ्या डोक्यावरून ती म्हणाली, "गादीला नाव ठेवत नाही हो. बसायला झकास आहे. पण इथं बसतं कोण?"

मला बहिणीचा चेहरा दिसला. मग घामाने काळ्या पडलेल्या टॉवेलकडे लक्ष गेलं. "आत्या, ही दांडी मोजू का?"

त्या संध्याकाळी नमुन्याची बैठक कापली आणि बहिणीने शिकवलेल्या टाक्यांनी कपाळाची उशी शिवली. सकाळी मुकादमाने ती वर पाठवली.

दुपारी आत्या उपाहारगृहात माझ्यासमोर येऊन बसली आणि परक्यासारखी बघत राहिली.

शेजारी बसलेल्या मुकादमाने विचारलं, "काय आत्या, उशी?"

"काढू नका ती. सगळ्यांना घ्या. पण शिवणारा गेला कुठे?"

मी मान खाली घातली.

"अगंबाई, दोन भोवरे! पाहुणे, तुम्ही होय!"