श्वास बघणाऱ्या रुक्माक्का

बातमी विमलने, रुक्माक्कांच्या जुन्या विद्यार्थिनीने, आणली. शनिवारची अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली तेव्हा ती जिन्यापाशी उभी होती. "रुक्माक्का सकाळी गेल्या," एवढंच म्हणाली. माझ्या पिशवीत दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची यादी तयार होती, अकरा मुलं, कोणाची कोणती कविता आणि कोणाला किती मिनिटं. मी आधी विचारलं ते कधी नेणार, तारा कोणाकोणाला केल्या, भटजींना कळवलं का. विमलकडे सगळ्याची उत्तरं होती. मग मी यादी काढली, मुलांच्या घरचे पत्ते दोघींत वाटून घेतले आणि रविवारचा वर्ग नाही हे कळवायला आम्ही निघालो... याला आता सहा आठवडे झाले.

रुक्माक्कांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांच्या मराठीत 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरोबर'साठी 'सरी' असे कानडी शब्द इतके मिसळलेले असत की, बेळगावकडून लग्न करून बेंगळूरला आलेल्या मला सुरुवातीला हसू यायचं. दर रविवारी सकाळी त्या आमच्या मराठी मंडळाच्या मुलांना कविता म्हणायला शिकवत. जागा चिकपेटातल्या एका कापडदुकानाच्या माडीवर होती. दुकानाचे मालक रघुनाथअण्णा हे मंडळाचे अध्यक्ष, आणि मी चिटणीस. माडीवर भिंतीलगत कापडाचे तागे रचलेले असत, आणि ते आवाज पिऊन टाकत. अक्कांना ती जागा याच कारणासाठी आवडे. इथे ज्याची कविता शेवटच्या ताग्यापर्यंत पोचली, त्याची कुठेही पोचेल, असं त्यांचं म्हणणं. हातवारे त्यांना खपत नसत. चंद्र म्हटलं की बोट वर कशाला, चंद्र कुठे असतो ते लोकांना ठाऊक आहे, असं त्या आयांना ऐकवत. मूल उभं राहिलं की त्या समोर बसून त्याच्या खांद्यांकडे बघत. कधी उठून पाठीवर तळवा ठेवत, आणि श्वास चुकला की तो तळवा हलकेच दाबत. बाकी शिकवणं म्हणजे काय ते मला बरेच दिवस समजलं नव्हतं.

भाषावार प्रांतरचना होऊन एखाद-दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. वार्षिक कार्यक्रमाआधी समितीसमोर तालीम होती. विमल तेव्हा सहा वर्षांची. तिला बैलगाडीवरची कविता दिली होती. पहिलं कडवं तिने खणखणीत म्हटलं आणि दुसरं विसरली. पण थांबली नाही. मल्लेश्वरम, शेषाद्रिपुरम, मॅजेस्टिक, चिकपेट... रोजच्या बसचे थांबे तिने कडव्याच्या ठेक्यात बसवले, परतीचेही म्हटले आणि नमस्कार करून मोकळी झाली. समितीतले लोक हसू दाबत होते. समोर बसलेल्या अक्का मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "सरी. श्वास बरोबर घेतलास. दुसरं कडवं पहिल्यापेक्षा छान."

मग कोणी हसलं नाही. माझ्या डोक्यात मात्र एकेक नोंद जुळत गेली. जिना करकरला तरी अक्का वळत नसत. मुलं नेहमी उजेडाकडे तोंड करून उभी केली जात. कविता संपली की प्रत्येक मूल नमस्कार करी, आणि ही शिस्त आहे असं आम्हाला वाटे. नंतर विमलने सांगितलं की तो नमस्कार मुलांनीच ठरवलेला होता, म्हणजे संपल्याचं अक्कांना कळावं. तीन-चार वर्षं मुलांना सगळं ठाऊक होतं, आणि एकानेही घरी सांगितलं नव्हतं.

समितीची बैठक पाव तासात आटोपली. कानच नाहीत तर कविता कसली शिकवणार, असं अण्णांनी विचारलं. आता आपण विश्रांती घ्यावी, अशा अर्थाचं पत्र अण्णांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ते पोचवायचं कामही माझ्याकडेच आलं. अक्का बसवनगुडीत पुतण्याच्या घरी राहत. घरचे लोक वाईट नव्हते, पण ऐकू न येणाऱ्या माणसाशी घरात कोण किती बोलणार? ताट वाढलं की हाताने खूण करायची, तेवढंच बोलणं. आठवड्यातून एकदा चिकपेटला जायचं, एवढीच त्यांची स्वतःची गोष्ट होती. हे मला त्या घराच्या ओसरीवर पाच मिनिटं बसल्यावर कळलं.

अक्का अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ओले हात दाखवले आणि मलाच वाचायला सांगितलं. त्यांना ओठांवरून थोडंफार कळत असे, म्हणून मी समोर बसून सावकाश वाचलं. अक्का माझ्या ओठांकडे बघतच नव्हत्या.

"हे तुझं पत्र नाही," वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या. "दर ओळीआधी श्वास अडकतोय तुझा. अण्णांनी सांगितलं नि तू लिहिलंस, होय ना?"

मी मान हलवली. त्या आणखी दोन शेंगा सोलून मग म्हणाल्या, "शब्द काय, पोरांच्या आया घरी घोकून घेतात गं. माझ्याकडे ती श्वास घ्यायला येतात. पण त्या विमलीने मला बसमधून फिरवून आणलं म्हणतात, ते काही मला कळलं नाही. तेवढं अण्णांचं खरं आहे."

कोणी सांगितलं, असं मी विचारलं. "तिनेच. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आली नि पाटीवर लिहून दाखवलं. रडत होती." अक्कांनी पत्राकडे बोट केलं. "आता सांग, ते ठेवून जातेस की घेऊन जातेस?"

मी पत्र घेऊन आले. पुढच्या बैठकीत माझा प्रस्ताव लेखी होता. वर्गात मी अक्कांशेजारी कवितेचा कागद घेऊन बसेन, चुकलेल्या शब्दावर खूण करीन, कडवं संपल्यावर त्यांना दाखवीन. अण्णा म्हणाले, "म्हणजे एका मास्तरणीचे आता दोन तुकडे?" मग एक वर्ष बघू म्हणाले. त्या वर्षाची पुढे अकरा झाली. अण्णांनी नंतर स्वतःची नात पाठवली, तेव्हा जुना विषय काढायचा नाही हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं. मी शब्द बघत होते, अक्का श्वास बघत होत्या. माझ्या कागदावरच्या खुणा मुलं आठवड्यात दुरुस्त करत. अक्का काय दुरुस्त करत ते कागदावर येत नसे, म्हणून मी कधी त्याची नोंद केली नाही. आता वाटतं, विचारून ठेवायला हवं होतं.

अक्का गेल्यावर वर्ग बंद करावा असं समितीत निघालं. मी एक रविवार मागून घेतला. मागच्या रविवारी मुलं जमली. सर्वांत लहान मुलगी उभी राहिली, उजेडाकडे तोंड करून, कोणी न सांगता. मी कागद मांडीवर घेतला. तिने कविता म्हटली, नमस्कार केला. कागदावर एकही खूण नव्हती. सगळे शब्द बरोबर होते आणि कविता जमली नव्हती. कुठे बिघडली ते मला सांगता येईना. मुलं माझ्याकडे बघत होती, मी कागदाकडे.

मग मी कागद खाली ठेवला आणि दोन्ही कानांत बोटं घातली. मुलं एकमेकांकडे बघून हसली असावीत. मी तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. तिचे ओठ हलू लागले. मी खांद्यांकडे बघत राहिले. पहिली ओळ, दुसरी... तिसरीच्या मधोमध खांदे वर गेले.

"इथे नको," मी म्हणाले. "ओळ संपेपर्यंत धर." माझाच आवाज मला डोक्याच्या आतून घुमल्यासारखा ऐकू आला. मुलीने मान डोलावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.